‘मी तर सांगितलं होतं’ : कामावर पुढाकार कसा घ्यायचा, कसं बोलायचं आणि लावून कसं धरायचं

४६ बुश, म्हणजे धातूच्या पोकळ नळ्या. लाल ट्रेमधून एकेक काढून मी ते स्वतः मोजले होते, म्हणून आकडा अजून पाठ आहे.

गोष्ट २००५ ची. आयटीआयला टर्नर करून मी अंबड तालुक्यातून औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आलो होतो. रांजणगावात चौघांत एक खोली आणि सुट्या भागांच्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, तिसरी पाळी. बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ड्रॉइंगप्रमाणे २२.०० ते २२.०२ मिलिमीटरच्या आत हवा. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजेल तसा बोअर बारीक होत जातो, हे कुठल्याही टर्नरला माहीत असतं. भोक तपासायच्या प्लग गेजला दोन बाजू असतात : ‘गो’ आत जायला हवी, ‘नो-गो’ जाता कामा नये. सकाळी साडेसहाला ‘गो’ बाजू अडायला लागली. पाळी संपायला अर्धा तास होता आणि सुपरवायझर शेडच्या दुसऱ्या टोकाला. म्हटलं, विचारायला कशाला जायचं, आपल्याला येतंय की. १५ मायक्रॉनचा ऑफसेट दिला, म्हणजे हत्याराचं माप मशीनमध्ये ०.०१५ मिलिमीटरनं सरकवलं, पुढचा नग तपासला, बरोबर आला. सात वाजता हात धुतले आणि बस पकडली.

माझ्या जागी आलेले काका हाताचे पक्के, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जुने. त्यांनी सहाच्या तपासणीचा कागद पाहिला. त्यावर बोअर खालच्या टोकाला. त्यांनीही १५ मायक्रॉन दिले. पहिल्या नगात ‘गो’ बाजू लोण्यासारखी गेली, म्हणून ‘नो-गो’ लावून बघितली नाही. तासाभरानं तपासणीवाला फेरीला आला तेव्हा ‘नो-गो’सुद्धा सुळकन आत जात होती. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो, मोठा झाला की भंगार. त्या रात्री मी कामावर गेलो तर सुपरवायझरांनी ट्रे पुढ्यात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “मोज.”

त्यात आळशी कोण होतं? कोणीच नाही. दोघांनीही आपापल्या परीनं पुढाकारच घेतला होता. मी ऑफसेटच्या वहीत एक ओळ लिहिली असती, किंवा जाताना काकांना एक वाक्य बोललो असतो, तर ४६ नग वाचले असते.

आज मी पाळी सांभाळतो. आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर दोन माणसं उभी राहतात. एक म्हणतं, “मी तर सांगितलं होतं.” दुसरं म्हणतं, “मला कोणी सांगितलंच नाही.” आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. हा लेख त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. उदाहरणं मशीनची आहेत, कारण मला तेच येतं. पण लातूरच्या डाळ मिलमध्ये, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, नाहीतर परभणीत एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काम करणाऱ्यालाही ती लागू पडतील असं वाटतं.

पहिली पायरी : आपली हद्द आखून घ्या

नव्या पोरांना सगळे सांगतात, “पुढाकार घ्या.” कुठपर्यंत घ्यायचा, ते कोणी सांगत नाही. मग दोन प्रकार होतात. काही जण ‘आपण भलं नि आपलं काम भलं’ म्हणून मान खाली घालून बसतात. काही जण नको तिथं हात घालतात.

कामाला लागल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत वहीचं एक पान काढा आणि त्याचे तीन भाग करा. पहिल्या भागात जे न विचारता करायचं ते लिहा : आपल्या मशीनभोवतीची सफाई, ट्रे नीट लावणं, गेज पुसून जागेवर ठेवणं, संपत आलेल्या मालाची आठवण देणं. दुसऱ्या भागात जे सांगून करायचं ते : ऑफसेट बदलणं, इन्सर्ट वेळेआधी बदलणं, नगांचा क्रम बदलणं. तिसऱ्या भागात जे फक्त सांगायचं आणि हात लावायचाच नाही ते : इलेक्ट्रिकचं पॅनेल, सेफ्टी गार्ड, दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारा), क्रेन, दुसऱ्या विभागाचं मशीन.

हे पान सुपरवायझरला दाखवा. “सर, मी असं समजून चालतोय, काही इकडंतिकडं आहे का?” हाच तुमचा पहिला पुढाकार. मला आजवर असं पान दोनच पोरांनी दाखवलं, आणि दोघांची नावं मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या भागाबद्दल कडक बोलतो. उत्पादन वाढावं म्हणून दरवाजाच्या इंटरलॉकला चुंबक चिकटवून मशीन उघड्या दारानं चालवणारे ‘हुशार’ मी पाहिलेत. त्याला पुढाकार म्हणत नाहीत. वरिष्ठानंच तसं करायला सांगितलं तर काय करायचं? “सर, मला जमणार नाही, हात जाईल,” एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. बोटं दहाच असतात.

दुसरी पायरी : एकच गोष्ट उचला

नवीन माणसाला पहिल्या महिन्यात सगळंच चुकीचं दिसतं. ते बरोबरही असतं, कारण जुन्यांच्या डोळ्यांना सवय झालेली असते. पण आल्या आल्या दहा चुका सांगणाऱ्याचं एकही ऐकलं जात नाही. दहाची यादी स्वतःजवळ ठेवा, बाहेर एकच काढा. कुठली? जी रोज घडते, जिचा त्रास एकापेक्षा जास्त लोकांना होतो आणि जी दुरुस्त करायला कोणाचा अपमान करावा लागत नाही.

ती उचलल्यावर लगेच उपायाकडे धावू नका. टोयोटाच्या कारखान्यात ‘पाच वेळा का विचारा’ अशी पद्धत आहे, तिचे चार्ट आता वाळूज-शेंद्र्यातही भिंतीवर दिसतात. चार्ट बहुधा ऑडिटच्या आदल्या दिवशी भरले जातात, ते सोडा. पद्धत मात्र खरी आहे.

आमच्याकडचंच बघा. एका मशीनपुढं फरशी सतत ओली, एक जण घसरलासुद्धा. का? कूलंट, म्हणजे कापताना गार ठेवणारं पाणी, बाहेर येतंय. का? टाकी भरून वाहतेय. का? परत जाणाऱ्या वाटेवरची जाळी तुंबलीय. का? चिप्स (धातूचा कीस) अडकल्यात, जाळी साफ होत नाही. का? पहिल्या पाळीला वाटतं दुसरी करते, दुसरीला वाटतं तिसरी. म्हणजे उत्तर कूलंटमध्ये नव्हतंच, तीन पाळ्यांच्या मध्ये होतं. त्याआधी आम्ही दोन महिने फरशीवर भुसा टाकत होतो.

माझा अनुभव असा, की ‘का’ विचारत शेवटाला गेलं की बऱ्याचदा मशीन नाही, माणूस भेटतो. त्यामुळे शेवटच्या ‘का’ला जरा आवाज खाली ठेवावा.

तिसरी पायरी : पहिल्या वाक्यात कामाचं सांगा

आपल्याकडं बोलायची रीत मोकळी आहे. पाहुणा आला की आधी पाणी, मग पाऊसपाणी, मग तब्येत, आणि जोडे घालताना मुद्दा. घरी ती छान वाटते. पण रात्री सव्वादोनला झोपेतून उठलेल्या साहेबाला फोनवर ती चालत नाही.

“हॅलो सर... झोपला होता का... नाही, ते जरा मशीनचा प्रॉब्लेम झाला होता... म्हणजे मगाशी चांगलं चालू होतं...”

इथं साहेबाला काहीच कळलेलं नाही, फक्त झोप उडालीय. त्याऐवजी :

“सर, सात नंबर मशीन २:१० पासून बंद आहे. जॉब नीट पकडला जात नाही. हवेचं प्रेशर चारवर आलंय, एरवी सहा असतं. मेंटेनन्सला लगेच सांगितलं, ते कॉम्प्रेसर बघतायत. सकाळच्या गाडीला १२० नग कमी पडतील. हाच जॉब पाच नंबरवर लावू का?”

काय झालं, कधीपासून, आकडा किती, मी काय केलं, त्यानं पुढं काय अडेल, आणि मला तुमच्याकडून काय हवं. या क्रमानं बोलायची सवय लावा. सुरुवातीला फोन लावण्याआधी हातावर पेननं लिहून घ्या, मी घ्यायचो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल असा तो विचारा. “सर, आता काय करू?” असं विचारलं की विचार करायचं काम त्यांच्यावर पडतं. “असं करू का?” म्हटलं की काम पुढं सरकतं.

वाईट बातमी असेल तर आणखी लवकर. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दहा नग बिघडले हे दहाव्या नगाला सांगणारा आणि शंभराव्या नगाला सांगणारा, या दोघांत लोक फार फरक करतात. टोयोटाच्या असेंब्ली लाईनवर कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही खटकलं की ती ओढायची. ओढल्याबरोबर लाईन थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत सुटलं नाही तर मग लाईन थांबते. म्हणजे दोरी ओढणं हे ‘बंद करा’ नसून ‘इकडं या’ असतं. आपल्याकडं दोरी नसली तरी तोंड आहे.

भाषेचं एक सांगून टाकतो. गावाकडून आलेल्या मुलांचा निम्मा अबोलपणा भाषेमुळं असतो. मॅनेजर हिंदी बोलतो, क्वालिटीचे कागद इंग्रजीत, शेजारचा ऑपरेटर बिहारचा, आणि आपली बोली वेगळी. माझी पहिली हिंदी अशी होती : “सर, बोअर लहान आ रहा है, मैंने हात नहीं लगाया.” कोणी हसलं नाही. हसले असतील तर मला कळलं नाही. आपल्या विभागात सतत फिरणारे चाळीस-पन्नास शब्द असतात : क्लॅम्प, रनआउट, बर, रिवर्क, होल्ड, डेव्हिएशन. तेवढे नीट येऊ द्या, बाकी वाक्य मोडकं असलं तरी चालतं. मोडक्या वाक्यातला बरोबर आकडा समोरच्याला कळतो.

चौथी पायरी : पोचलं का, ते बघा

या लेखातली हीच पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, त्यामुळे इथं जरा थांबतो.

मनमाड-नांदेड मार्गावरच्या रेल्वे फाटकाशी तुम्ही कधी ताटकळला असाल. आतल्या खोलीत गेटमन फोनवर बोलून वहीत काहीतरी लिहितो. स्टेशन मास्तर त्याला गाडी येतेय म्हणून फाटक बंद करायला सांगतो. पण गेटमननं नुसतं “हो साहेब” म्हणून भागत नाही. फाटक बंद केल्यावर तो एक आकडा सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात, आणि तो दोन्हीकडच्या वह्यांत चढतो. नंतर ‘मी तर सांगितलं होतं’ म्हणायला कोणालाच जागा उरत नाही. गाडीखाली माणसं येऊ नयेत म्हणून ही पद्धत आली. विमानातही पायलट कंट्रोल टॉवरची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो.

आपण काय करतो? “समजलं का?” “हो सर.” संपलं. आपल्याकडं हे ‘हो’ फार स्वस्त आहे. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, दोनदा विचारायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आपण ‘हो’ म्हणतो, ‘बघू’ म्हणतो, ‘होऊन जाईल’ म्हणतो. त्याला वाटतं काम झालं.

माझी भाची शेंद्र्याला वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींचे जुडगे बांधायच्या लाईनवर लागली. पहिल्या आठवड्यात सारखी रडकुंडीला यायची. लाईन लीडर भराभर सांगून जायची, हिला अर्धं कळायचं, आणि हो म्हणून झालेलं असायचं. मी तिला एकच सांगितलं : काम सांगितलं की लगेच हो म्हणू नको, ऐकलेलं परत म्हणून दाखव. “ताई, म्हणजे निळी वायर चार नंबरला, पिवळी सहाला, आणि टेप कनेक्टरपासून दोन बोटं सोडून. बरोबर?” तिसऱ्याच दिवशी लीडर म्हणाली, “नाही गं, पिवळी सातला. सहा जुन्या मॉडेलला होतं.” चूक लीडरची होती, जुनं मॉडेल तिच्या तोंडात बसलेलं. भाचीनं मान डोलावली असती तर त्या दिवसाची सगळी पिवळी वायर सहा नंबरला गेली असती, आणि बोल हिलाच लागला असता.

तेव्हा सूचना घेताना परत म्हणून दाखवायचं. देताना समोरच्याकडून म्हणवून घ्यायचं, पण मास्तरासारखं “काय सांगितलं मी?” असं नाही. “मी गडबडीत बोललो, काही सुटलं तर नाही ना? एकदा सांगा बरं,” असं. चुकीचा बोजा स्वतःवर घेतला की समोरचा मोकळा होतो.

पाळी बदलताना तर ही गोष्ट नेमच करून टाका. शेवटची दहा मिनिटं आवराआवरीत घालवण्यापेक्षा पुढच्या माणसाला मशीनजवळ उभं करा आणि बोटानं दाखवत सांगा : ऑफसेट किती दिला, कधी दिला, इन्सर्टवर किती नग झाले, कुठला ट्रे तपासायचा राहिलाय. तेच वहीत लिहा. बस सुटेल ही भीती खरी आहे. माझी दोनदा सुटली. बजाजनगरपर्यंत चालत आलो.

व्हॉट्सअ‍ॅपचं

थोडक्यात. ग्रुपवर टाकलेला निरोप कोणाचाच नसतो. ‘सात नंबरला तेल गळतंय’ हे तीस जण वाचतात आणि तिसांनाही वाटतं दुसरा कोणी बघेल. ज्याचं काम आहे त्याचं नाव घाला, कधीपर्यंत हवं ते घाला. निळी टिक म्हणजे उत्तर नव्हे. फोटो टाकताना शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवा, म्हणजे तडा किती मोठा ते कळेल. आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज कंप्रेसरच्या आवाजात कोणी ऐकत नाही.

पाचवी पायरी : वापसा येऊ द्या

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं. आणि पाऊस झाला तरी चिखलात कोणी तिफण घालत नाही, वापसा यायची वाट बघतो. हे आपल्याला शेतात कळतं, पण कारखान्यात आपण भर चिखलात पेरायला जातो. ग्राहकाची गाडी गेटवर उभी, दोनशे नग कमी, मॅनेजरच्या कपाळावर आठ्या, आणि आपण म्हणतो, “सर, मी मागितलेल्या स्टँडचं काय झालं?”

प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक कामाची एक वेळ असते. महिनाअखेरीचे चार दिवस कोणालाही नवीन काही सांगू नका. पाळी सुरू झाल्यावर पहिला अर्धा तासही नको. आमच्या जुन्या मॅनेजरना जेवणानंतर शेडमधून चक्कर मारायची सवय होती, तेव्हा ते ऐकायचे. एकाला केबिनमध्ये उभ्यानं बोललेलं आवडायचं नाही, एकाला बसून बोललेलं. बघत राहिलं की कळतं. मात्र जिथं कोणाला इजा होऊ शकते किंवा माल बिघडत चाललाय, तिथं वापसा-बिपसा काही नाही. तिथं आत्ताच सांगायचं.

सहावी पायरी : लावून धरा, पण रिकाम्या हातानं जाऊ नका

खेटे घालणं वेगळं आणि पाठपुरावा वेगळा. तलाठ्याकडं सातबाऱ्यासाठी चकरा मारून आपली अशी समजूत झालेली असते, की सारखं जाऊन तेच विचारलं की कधीतरी काम होतं. कधी होतंही. कारखान्यात असं केलं की तुम्हाला बघून लोक दुसऱ्या रस्त्यानं जायला लागतात.

कास्टिंगचे (ओतीव भागांचे) क्रेट जमिनीवर असायचे. प्रत्येक नगाला वाकायचं, उचलायचं, मशीनमध्ये लावायचं. एका पाळीला ४८० नग. मला क्रेटखाली कमरेएवढं स्टँड हवं होतं. ते मिळायला साडेचार महिने लागले. वहीतल्या तेव्हाच्या नोंदी अशा :

३ जून. सुपरवायझर सरांना बोललो. म्हणाले बघू.
१७ जून. पुन्हा. म्हणाले सगळेच वाकतात.
२ जुलै. सजेशनचा फॉर्म भरला. उत्तर नाही.
२९ जुलै. घड्याळ लावून मोजलं. वाकून उचलायला नगामागं ४ सेकंद जास्त. सरांना कागद दिला.

४ गुणिले ४८०, म्हणजे १,९२० सेकंद. बत्तीस मिनिटं. कंबर दुखते हे मी दोनदा सांगितलं होतं, त्यानं काही हाललं नाही. एका पाळीत बत्तीस मिनिटं जातात म्हटल्यावर सरांनी कागद खिशात घातला. वाईट वाटतं, पण तसंच आहे. समोरच्याच्या वहीत ज्या रकान्याचा हिशोब असतो, त्या रकान्यात आपली गोष्ट बसवावी लागते. पुढच्या फेरीला प्रश्न आला खर्चाचा. मी भंगारात पडलेला अँगल मापून आलो, खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढलं, वेल्डिंगवाल्या मामांना विचारलं की किती वेळ लागेल. ते म्हणाले, “रविवारी मेंटेनन्सला आलो की करून टाकतो, साहेबाची सही आण.” त्या फेरीला सहीशिवाय दुसरं काही मागायचं उरलंच नव्हतं.

पहिल्या दोन फेऱ्या वाया का गेल्या हे आता स्पष्ट दिसतं. दोन्ही वेळा मी रिकाम्या हातानं गेलो होतो. नंतरच्या प्रत्येक फेरीला काहीतरी नवं घेऊन गेलो : आकडा, चित्र, माणूस. आपल्या भागात दुबार पेरणी कोणाला नवी नाही. पण जूनमध्ये मूग गेला म्हणून जुलैच्या शेवटाला पुन्हा मूगच कोणी टाकत नाही. तेव्हा तूर बघतो, बाजरी बघतो, सूर्यफूल बघतो. हंगाम पुढं सरकलेला असतो, म्हणून बी बदलायचं.

आणि ‘नाही’ नीट ऐकायला शिका. ते चार तऱ्हांचं असतं. एक ‘आत्ता नाही’ : तारीख विचारून घ्यायची, “दिवाळीनंतर आठवण करू का?” आणि त्या दिवशी खरंच करायची. दुसरं ‘असं नाही’ : गोष्ट पटलीय, उपाय पटलेला नाही, तर उपाय बदलून न्यायचा. तिसरं ‘माझ्या हातात नाही’ : हे कोणी तोंडानं म्हणत नाही, ते ‘बघू’ या शब्दात लपलेलं असतं. तिथं हळूच विचारायचं, “सर, यावर कोणाची सही लागेल?” म्हणजे त्या माणसाची लाजही राखली जाते आणि वाटही कळते. चौथं खरंखुरं ‘नाही’, कारणासकट. कारण ऐकून पटलं तर गोष्ट सोडून द्या. मी एकदा कूलंट बदलायच्या मागं लागलो होतो. केमिकलवाल्यांनी दाखवलं की त्यानं पितळेच्या पार्टला डाग पडतात. तिथं हट्ट धरणं म्हणजे नुसता आडमुठेपणा झाला असता.

डोक्यावरून उडी मारायची का? म्हणजे सुपरवायझरला सोडून थेट मॅनेजरकडं? माझं मत : त्यांना सांगून. “सर, तुमची हरकत नसेल तर मी हे मॅनेजर साहेबांच्या कानावर घालू का? तुम्हीपण चला.” दहातल्या सात वेळा ते म्हणतात, थांब, मीच बोलतो. काम होण्याशी मतलब.

श्रेयाचं काय

स्टँड झालं. महिन्यानं नोटीस बोर्डावर फोटो लागला, खाली नाव दुसऱ्याचंच. मी पंधरा दिवस कोणाशी धड बोललो नाही. आता वाटतं, सजेशनचा फॉर्म भरून दिला तेव्हा त्याच्यावर पोच घेतली असती तर एवढं झालं नसतं. भारतात क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी गट करून कामातल्या अडचणी सोडवायच्या पद्धतीची सुरुवात १९८० साली हैदराबादच्या भेल कारखान्यात झाली, म्हणजे कामगाराची सूचना लिहून घ्यायची रीत आपल्याकडंही चाळीस वर्षांवरची जुनी आहे. फॉर्मला तारीख आणि घेणाऱ्याची सही असायलाच हवी. नसेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि बोलण्यात ‘आम्ही’ म्हणा. वेल्डिंगवाल्या मामांचं नाव मीही त्या वेळी कुठं घेतलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

वहीचा दुसरा उपयोग

कायम करायची वेळ आली, किंवा पगाराचं बोलायचं असलं, की बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात : महागाई वाढलीय आणि मी इतकी वर्षं आहे. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही शेजारच्यालाही लागू आहेत. वहीतून वर्षभरातल्या चार नोंदी काढा. कुठलं रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, कुठली जाळी कोणी साफ करायची हे ठरवून घेतलं, कोणत्या नव्या पोराला मशीन शिकवलं, कुठला धोका वेळेत सांगितला. एका पानावर, आकड्यासह. चारच घ्या, चौदा नकोत. अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेला माणूस साहेबाला लगेच ओळखू येतो.

वही कसली घ्यायची, असं विचारणारे भेटतात. खिशात मावेल अशी, तेलाचे हात लागले तरी हळहळ वाटणार नाही अशी स्वस्त. पाच रकाने : तारीख, काय सांगितलं, कोणाला, ते काय म्हणाले, पुन्हा कधी विचारायचं. शेवटचा रकाना रिकामा राहिला की समजायचं, ती गोष्ट मेली. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण काही कारखान्यांत शेडमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि चिकट बोटांनी तो उघडतही नाही.

परवा स्टँडपाशी एक नवा पोरगा उभा होता. गेवराईकडचा, सहा फूट उंच. म्हणाला, “सर, हे स्टँड बुटकं आहे. मला अजूनही वाकावं लागतंय.”

“किती बुटकं?”

“असं... बरंच.”

खिशातून पट्टी काढून त्याच्या हातात दिली.